टायटल रिपोर्टमधलं वगळलेलं वाक्य

अमेरिकेत घर घेताना मालकीहक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीकडून टायटल रिपोर्ट नावाचं एक बाड हातात येतं. आपल्याकडे वकील तीस वर्षांचा शोध घेऊन टायटल सर्टिफिकेट देतात, त्याच जातीचा हा कागद. घरावर कोणाचा बोजा आहे, गॅसची लाइन कोणत्या कोपऱ्यातून जाते, शेजाऱ्याला वाटेचा हक्क आहे का, असं सगळं त्यात असतं. वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलच्या उत्तरेला शोरलाइन नावाचं गाव आहे. तिथे आम्ही दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच बांधलेलं एक जुनं घर घेतलं. माझे बाबा साताऱ्याकडे तहसील कचेरीत अव्वल कारकून होते आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी रेकॉर्ड रूममध्ये काढली. त्यामुळे खरेदीचे कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे आमच्या घरात लहानपणापासूनच पक्कं होतं. मी रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचला.

अपवादांच्या यादीत एक ओळ होती. तिचा आशय असा: १९४० च्या दशकात अमुक क्रमांकाने नोंदवलेल्या दस्तातल्या अटी, शर्ती आणि निर्बंध या जागेला लागू आहेत, मात्र वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीयत्व यांवर आधारलेल्या अटी त्यात असल्यास त्या वगळून.

मी त्या ‘असल्यास’पाशी अडकले. एजंट म्हणाली, ‘हे छापील वाक्य आहे, सगळ्या रिपोर्टांत असतं.’ ती खरंच बोलत होती. पण छापील वाक्यावरून माझ्या घराच्या दस्तात नेमकं काय लिहिलंय ते कळत नाही. आणि दस्ताचा क्रमांक तर समोरच छापलेला होता. रात्री फोनवर बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘अगं, मग मूळ दस्ताची नक्कल काढ की. नंबर आहे म्हणजे अर्धं काम झालं.’

शोरलाइन किंग काउंटीत येतं. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी, पण इथे काउंटीचं स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असतं. जमिनीचे दस्त, करआकारणी, तुरुंग, निवडणुका, आरोग्य खातं असं बरंच काही तिच्याकडे असतं, आणि प्रत्येक खात्याचं दफ्तर वेगळं. नव्या माणसाला पहिला घोळ इथेच होतो. ‘काउंटीकडे मागा’ असं कोणीही सांगतं, पण काउंटीत कुठे, ते सांगत नाही. खरेदीखतं, गहाणखतं, वसाहतीचे नकाशे आणि त्यांच्या अटी रेकॉर्डरच्या कार्यालयात. घराचं क्षेत्रफळ, कराची आकारणी असेसरकडे. बांधकामाचे परवाने तिसरीकडे. कोर्टाच्या नोंदी तर सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली येतच नाहीत. त्या कोर्टाच्या क्लार्ककडे, त्यांच्या नियमांनी मागायच्या.

सुरुवात पार्सल नंबरपासून करायची. किंग काउंटीत हा दहा आकडी असतो, पहिले सहा आकडे वसाहतीचे आणि पुढचे चार तुमच्या तुकड्याचे. कराच्या पावतीवर तो असतो, नाहीतर काउंटीच्या नकाशावर आपल्या घरावर बोट ठेवलं की दिसतो. त्याच पानावर जागेचं कायदेशीर वर्णन मिळतं: कोणती वसाहत, कितवा ब्लॉक, कितवा लॉट, नकाशांच्या कितव्या खंडात कितवं पान. रेकॉर्डरच्या दृष्टीने हीच घराची ओळख. रस्त्याचं नाव बदलतं, गावाचं नाव बदलतं. आमच्या भागाला तर १९९५ पर्यंत गाव म्हणून दर्जाच नव्हता, सगळा कारभार थेट काउंटीचा होता. पण लॉट आणि ब्लॉक तेच राहतात. आपल्याकडे सर्व्हे नंबर नि गट नंबर हाताशी असला की निम्मी कटकट मिटते, तसंच.

रेकॉर्डरच्या सूचीत दस्त नावांवरूनही सापडतात. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण. मी उत्सुकतेपोटी आमच्या विक्रेत्यापासून मागे मागे जात राहिले. आम्हाला विकणाऱ्याने कोणाकडून घेतलं, त्याने कोणाकडून, असं करत वसाहत आखणाऱ्या विकासकापर्यंत पोचता येतं. हे काम मला फार आवडलं. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, चाळताना बाबांच्या चेहऱ्यावर जो शांतपणा असायचा, तो का असायचा ते तेव्हा कळलं.

अटींच्या दस्ताची नक्कल मी क्रमांक देऊन मागवली. रेकॉर्डरकडच्या साध्या प्रतीला राज्याच्या कायद्याने पानाला एक डॉलर पडतो. प्रमाणित प्रत हवी तर पहिल्या पानाला तीन आणि पुढच्या प्रत्येकाला एक. का हवी, कोणासाठी हवी, हे कोणी विचारलं नाही.

टाइप केलेला दस्त होता. वसाहतीच्या प्रत्येक लॉटला लागू असलेल्या अटी एकाखाली एक. रस्त्यापासून घर किती मागे हवं. किमान किती किमतीचं घर बांधायचं. डुकरं, कोंबड्या पाळायच्या नाहीत. सांडपाण्याची सोय कशी असावी. आणि याच ओळींत, त्याच टाइपात, त्याच निर्विकार भाषेत आणखी एक कलम: गोऱ्या म्हणजे कॉकेशियन वंशाखेरीज कोणीही या वसाहतीतली कुठलीही जागा वापरू नये किंवा तिथे राहू नये, मालकाने किंवा भाडेकरूने कामाला ठेवलेले घरनोकर तेवढे अपवाद. त्याच्या पुढचं कलम कुंपणाच्या उंचीचं.

हे मी आमच्या स्वयंपाकघरात बसून वाचलं. ते लिहिलं गेलं त्या काळात या स्वयंपाकघरात मी फक्त भांडी घासायला उभी राहू शकले असते. राग आला, आणि अजूनही येतो. पण टायटल कंपनीने ते वाक्य माझ्यापासून गाळून ठेवलं होतं, याचा राग जास्त आला. गाळण्यामागे कारण आहे, ते मला समजतं. अशी अट पुन्हा छापणं म्हणजे तिला पुन्हा बळ देणं, असं कायदा मानतो, आणि ते योग्यच आहे. तरीही विकत घेणाऱ्या माणसाला आपल्या घराचा इतिहास ‘असल्यास’ या एका शब्दावर भागवावा लागतो, हे मला पटत नाही. मूळ दस्त सार्वजनिक दफ्तरात आहे म्हणून तरी मला तो वाचता आला.

असे दस्त या भागात हजारो आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक जेम्स ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं शोधून नकाशावर मांडलेत. २०२१ मध्ये राज्याने कायदा करून हे काम अधिकृतपणे विद्यापीठांकडे सोपवलं. विमानं बनवणारे विल्यम बोईंग यांनी आखलेल्या ब्लू रिज आणि इनिस आर्डन या वसाहतींच्या अटींतही हे कलम आहे. इनिस आर्डन तर शोरलाइनमध्येच. अशा अटी कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सांगितलं. त्यानंतरही लोक त्या पाळत राहिले. घर विकताना-भाड्याने देताना वंश पाहणं बेकायदा ठरलं ते १९६८ च्या फेडरल कायद्याने.

यात ‘गोरे’ म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्या लोकांशी थेट जोडलेला आहे. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. शोरलाइनच्या दक्षिणेला, टॅकोमाजवळच्या कॅम्प लुईसमध्ये १९१८ साली त्यांना नागरिकत्व मिळालं आणि काही दिवसांतच काढून घेतलं गेलं. पुढे त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे. वॉशिंग्टन राज्याचा १९२१ चा परकीयांच्या जमिनीचा कायदा वेगळाच होता. नागरिक होऊ न शकणाऱ्याला त्याने जमीन घेणं सोडाच, भाडेपट्ट्यानेही मिळू दिली नाही. भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता १९४६ साली खुला झाला. राज्याच्या मतदारांनी जमिनीची ती बंदी उठवली १९६६ साली. म्हणजे आमच्या घराचा पाया घातला गेला त्या सुमारास भारतीय माणसाला या रस्त्यावरून हाकलायला एकापेक्षा जास्त कागद तयार होते.

हे मी मराठी मित्रमंडळींत सांगितलं तेव्हा काहीजण म्हणाले, जाऊ दे, जुनी गोष्ट आहे. मला ती तशी जुनी वाटली नाही. पुण्या-मुंबईत भाड्याचं घर बघायला गेल्यावर आधी आडनाव विचारतात नि मग ‘जागा कालच गेली’ म्हणतात, हे आपल्यापैकी कितीतरी जणांनी पाहिलंय. फरक एवढाच, की तिथे ते कागदावर उतरत नाही, म्हणून पुढे कोणाला दाखवता येत नाही. इथे उतरलं. २०२३ च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर सिअ‍ॅटल ठरलं. तो ठराव मांडणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या.

दस्त हाती आल्यावर घराची बाकीची कहाणीही शोधावीशी वाटली. जुना फोटो हवा होता. तो काउंटीकडे नाही, तर राज्याच्या अभिलेखागाराच्या बेलव्ह्यूमधल्या शाखेत आहे. असेसरच्या कचेरीने १९३७ पासून १९७२ पर्यंत ठेवलेली घराघरांची कार्डं तिथे जमा केलेली आहेत. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून काउंटीतल्या इमारतींची मोजणी झाली आणि फोटो काढले गेले. नंतर बांधलेल्या घरांचीही भर पडत गेली. पार्सल नंबर आणि वसाहत-ब्लॉक-लॉट कळवला की ते कार्ड शोधून देतात. आमच्या कार्डावर पाया कशाचा, छत कसलं, घर तापवायची सोय कोणती, सगळं पेन्सिलीने भरलेलं होतं. फोटोत खाली पांढऱ्या अक्षरांत नंबर घातलेला होता. समोर आज आहे ते मोठं झाड नव्हतं, रस्त्याला कड नव्हती, आणि दाराशी एक अर्धवट उघडी गाडी उभी होती.

बांधकामाच्या परवान्यांसाठी मात्र रीतसर सार्वजनिक नोंदींचा अर्ज करावा लागला. वॉशिंग्टन राज्याचा हा कायदा १९७२ साली लोकांनी थेट मतदानाने करून घेतलेला आहे. त्यात एक वाक्य आहे, ते मला तोंडपाठ झालंय: या राज्यातली जनता आपली सेवा करणाऱ्या संस्थांच्या स्वाधीन आपलं सार्वभौमत्व करत नाही. अर्ज आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत कार्यालयाला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर म्हणजे दरवेळी कागदच नव्हे. कागद द्यायचे, किंवा किती वेळ लागेल ते सांगायचं, किंवा नेमकं काय हवं ते विचारायचं, किंवा कायद्याचं कलम दाखवून नाकारायचं. गप्प बसता येत नाही. साध्या झेरॉक्सला पानामागे पंधरा सेंट, स्कॅनला दहा, असा कायद्यातच दर आहे. शोधायला लागलेल्या वेळाचे पैसे मागत नाहीत. बेकायदा अडवलं तर कोर्ट कार्यालयाला दिवसाला शंभर डॉलरपर्यंत दंड करू शकतं.

माहिती अधिकाराशी तुलना मनात येणारच. आपल्याकडे २००५ च्या कायद्यात दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत, आणि कारण सांगायची गरज नाही. पण तो अधिकार भारताच्या नागरिकांना आहे. वॉशिंग्टनमध्ये कोणीही मागू शकतं. अर्ज केला तेव्हा मी इथली नागरिक नव्हते, व्हिसावर होते, आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही. सगळीकडे असं नाही. व्हर्जिनिया, टेनेसीसारख्या राज्यांत हा हक्क त्या राज्याच्या रहिवाशांपुरताच आहे आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी मर्यादा घालणं मान्य केलं. तिथल्या मराठी मंडळींनी आधी एवढं तपासून घ्यावं.

अर्जाचा मजकूर बाबांशी बोलून लिहिला. त्यांचं एकच सांगणं: ‘मोघम मागू नकोस. समोरच्याला कपाटापर्यंत नेऊन सोड.’ रेकॉर्ड रूममध्ये ‘आमच्या जमिनीचे सगळे कागद द्या’ म्हणणारे अर्ज कसे धूळ खात पडायचे आणि ‘गट नंबर अमुक, सन अमुक, फेरफार क्रमांक तमुक’ लिहून आणणाऱ्याची नक्कल कशी दुपारपर्यंत तयार व्हायची, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. इथला कायदाही तेच म्हणतो: ओळखता येईल अशी नोंद मागा. प्रश्न विचारू नका, कागद मागा. ‘आमच्या घराची मागची खोली कायदेशीर आहे का?’ याचं उत्तर द्यायला कार्यालय बांधलेलं नाही, नवा कागद तयार करून द्यायलाही नाही. असलेला कागद दाखवायला बांधलेलं आहे. मी लिहिलं: पार्सल नंबर अमुक, कायदेशीर वर्णन असं, घर बांधल्यापासून १९९५ पर्यंत काउंटीने या जागेवर दिलेले बांधकाम, प्लंबिंग व सांडपाण्याचे परवाने, त्यांसोबतचे नकाशे आणि तपासणीचे शेरे, विद्युत स्वरूपात चालतील, एखादी नोंद दुसऱ्या खात्याकडे किंवा अभिलेखागारात गेली असल्यास तिथलं नाव कळवावं, एखादी नष्ट केली असल्यास तसं सांगावं.

शेवटची दोन वाक्यं फार उपयोगी पडली. सरकारी कागद किती वर्षं ठेवायचे याचं वेळापत्रक असतं आणि मुदत संपलेला कागद रीतसर नष्ट करता येतो. ‘आमच्याकडे नाही’ या उत्तराचे निदान तीन अर्थ होतात, कधी नव्हताच, होता पण गेला, किंवा दुसरीकडे आहे. तिन्ही वेगळे. मला अर्जाचा क्रमांक लगेच आला, मग अंदाजे तारीख आली, आणि त्या सुमारास कागद हप्त्याहप्त्याने आले. काही जुन्या नोंदींसाठी त्यांनी काउंटीच्या अभिलेखागाराकडे बोट दाखवलं. तिथल्या अर्काइव्हिस्ट बाईंनी फोनवर विचारलं, ‘तुम्हाला रस्त्याच्या कामाच्या फाइलीही हव्यात का? तुमच्या वसाहतीच्या आहेत.’ मागितलं नव्हतं तेही त्या दाखवायला तयार होत्या. अशी माणसं दोन्ही देशांतल्या दफ्तरांत भेटतात, आणि दफ्तर जिवंत राहतं ते त्यांच्यामुळे.

काउंटीच्या कागदांवर डॉ. मार्टिन लूथर किंग यांचा चेहरा छापलेला असतो. १८५२ साली काउंटीला नाव दिलं गेलं ते विल्यम किंग या गुलाम बाळगणाऱ्या राजकारण्याचं. १९८६ मध्ये काउंटी मंडळाने ठरवलं की यापुढे हे नाव मार्टिन लूथर किंग यांच्यासाठी असेल आणि २००५ मध्ये राज्याने त्याला कायद्याची मान्यता दिली. आमच्या वसाहतीच्या अटींचा दस्त ज्या दफ्तरात आहे, त्या दफ्तरावर आज हे नाव आहे.

मग प्रश्न आला, त्या कलमाचं करायचं काय? कायद्याने ते केव्हाच रद्दबातल आहे, आपण काही केलं नाही तरी चालतं. पण वॉशिंग्टनमध्ये २०१९ पासून मालकाला दुरुस्तीचा दस्त नोंदवता येतो. मूळ दस्ताचा क्रमांक द्यायचा, त्यातल्या भेदभावाच्या तरतुदी शून्य असून त्या काढून टाकत आहोत असं ठरलेल्या शब्दांत लिहायचं, नोटरीसमोर सही करायची आणि रेकॉर्डरकडे द्यायचं. नोंदणीची फी नाही. कोर्टात जाऊन दस्तातला मजकूरच काढून घेण्याचाही मार्ग आहे. त्यातही मूळ प्रत इतिहास म्हणून जपून ठेवायची तरतूद आहे. आम्ही पहिला मार्ग घेतला. मूळ कागदावर काळी रेघ मारलेली मला नकोच होती. पुढच्या माणसाला दोन्ही दिसायला हवेत, आधी काय लिहिलं होतं ते, आणि नंतर इथे राहणाऱ्यांनी काय लिहिलं तेही.

या नोंदींना आता पैशाचंही मोल आलंय. २०२३ च्या कायद्याने राज्यात दस्त नोंदवताना शंभर डॉलरची जादा आकारणी सुरू झाली. अशा अटींमुळे ज्यांना घर घेता आलं नाही त्यांना किंवा त्यांच्या वंशजांना पहिलं घर घेताना त्यातून मदत मिळते. पात्र गटांत कृष्णवर्णीय, मूळ निवासी, कोरियन यांच्याबरोबर भारतीय वंशाचे लोकही आहेत. पण अट आहे की स्वतः किंवा आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कोणी १९६८ च्या एप्रिलपूर्वी वॉशिंग्टनमध्ये राहत असले पाहिजेत. आयटीच्या लाटेबरोबर आलेल्या आमच्यासारख्यांचा त्यावर काही हक्क नाही, नसावाच. पण आजोबा इथे शिकायला किंवा लाकडाच्या गिरणीत राबायला आले होते, अशी कुटुंबं आहेत, आणि त्यांना ते कागदाने सिद्ध करावं लागतं. जन्मनोंद, लग्ननोंद, जुना भाडेकरार, शाळेचा दाखला. माझ्या ओळखीच्या एका पंजाबी कुटुंबाला मी यात मदत करतेय. त्यांच्या आजोबांचं आडनाव प्रत्येक कागदावर वेगळ्या स्पेलिंगने आहे, त्यामुळे सूची सरळ नावाने शोधून भागत नाही. लग्नातल्या साक्षीदारांच्या आणि घरमालकांच्या नावांवरून मागे जावं लागतंय.

आमच्या दुरुस्तीच्या दस्ताला रेकॉर्डरने नवा क्रमांक दिला, सुरुवातीला नोंदणीची तारीख आणि पुढे अनुक्रम. तो आमच्या लॉटपुरता आहे. वसाहतीतल्या प्रत्येक घराला आपापला नोंदवावा लागतो. रस्त्यावरच्या ज्यांनी विचारलं त्यांना मी मूळ दस्ताचा क्रमांक आणि कोरा फॉर्म दिलाय. दोन घरांनी सही करून पाठवला. समोरच्या आजी म्हणाल्या, आधी मला तो मूळ दस्त पूर्ण वाचायचाय. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत छापून काढलाय.